विल्यम्स कॉलेज : प्रवेशाचे निकष आणि नावलौकिकाचा इतिहास

विल्यम्स कॉलेज हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले, विल्यम्सटाउन नावाच्या छोट्या गावातले खासगी महाविद्यालय आहे. भोवती बर्कशायरचे डोंगर आहेत आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर ग्रेलॉक जवळच आहे. सुमारे २,१०० विद्यार्थ्यांची ही संस्था १७९३ मध्ये स्थापन झाली आणि ‘लिबरल आर्ट्स’ या शिक्षणपरंपरेतील अमेरिकेच्या अग्रगण्य महाविद्यालयांत गणली जाते. या परंपरेत चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम कोणत्याही एका व्यवसायाची तयारी करून देत नाही. भाषा, गणित, निसर्गविज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान, कला आणि समाजशास्त्रे यांचा व्यापक अभ्यास करून विद्यार्थी पुढे एखादा विषय मुख्य म्हणून निवडतो. वैद्यक, कायदा किंवा व्यवस्थापन यांचे शिक्षण नंतर अन्यत्र घ्यायचे असते. विल्यम्समध्ये पदव्युत्तर विद्यार्थी अगदी थोडे आहेत, त्यामुळे प्राध्यापकांचे लक्ष पदवीच्या वर्गांकडे राहते. सात विद्यार्थ्यांमागे साधारण एक प्राध्यापक असे प्रमाण येथे आहे.

या संस्थेचे नाव आज देशभर घेतले जाते ते मुख्यतः तिच्या कठीण प्रवेशामुळे आणि क्रमवारीतील स्थानामुळे. परंतु दोनशे वर्षांहून अधिक काळाचा तिचा इतिहास पाहिला तर आत कोणाला घ्यायचे आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, या प्रश्नाला प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिल्याचे दिसते. संस्थेचा लौकिक घडला तो या उत्तरांतून.

संस्थेचा उगम एका सैनिकाच्या मृत्युपत्रात आहे. कर्नल इफ्रेम विल्यम्स हा या सीमाभागातील फोर्ट मॅसॅच्युसेट्स या किल्ल्याचा अधिकारी होता. ही भूमी मूळची मोहिकन लोकांची. फ्रेंचांशी चाललेल्या युद्धात १७५५ च्या सप्टेंबरमध्ये लेक जॉर्ज येथे तो मारला गेला. त्याआधी काही आठवडे त्याने ऑल्बनी येथे मृत्युपत्र केले होते. वेस्ट हूसॅक या वसाहतीत एक मोफत शाळा काढण्यासाठी त्याने आपली मालमत्ता ठेवली आणि दोन अटी घातल्या : ही वसाहत मॅसॅच्युसेट्सच्याच हद्दीत राहावी आणि तिला विल्यम्सटाउन हे नाव द्यावे. गावाला १७६५ मध्ये हे नाव मिळाले. शाळेला मात्र बराच वेळ लागला. विश्वस्तमंडळ १७८५ मध्ये नेमले गेले, इमारतीसाठी राज्याच्या परवानगीने लॉटरी काढून पैसे उभे करावे लागले आणि १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या पंधरा विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली.

दोनच वर्षांत विश्वस्तांनी राज्य विधिमंडळाकडून महाविद्यालयाची सनद मिळवली. २२ जून १७९३ रोजी ही सनद मंजूर झाली. हार्वर्डनंतर मॅसॅच्युसेट्समधील हे दुसरे महाविद्यालय. मोफत शाळेची कल्पना यात बाजूला पडली, हे नमूद केले पाहिजे. सीमेवरच्या शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी ठेवलेला पैसा उच्च शिक्षणाच्या संस्थेकडे वळला. शुल्क मात्र माफक होते आणि न्यू इंग्लंडच्या पश्चिम भागातील सामान्य घरांतील मुले येथे येऊ लागली. एबेनेझर फिच हे पहिले अध्यक्ष. त्या काळी प्रवेशासाठी व्हर्जिल, सिसेरो आणि ग्रीक भाषेतील नवा करार वाचता येणे आवश्यक मानले जाई. विल्यम्सच्या पहिल्या नियमांत ग्रीकऐवजी फ्रेंच भाषेची मुभा होती. त्या काळातील अमेरिकन महाविद्यालयांत अशी मुभा विरळच होती.

डोंगरांनी वेढलेल्या आडबाजूच्या गावात महाविद्यालय चालवणे सोपे नव्हते. १८१५ मध्ये अध्यक्ष झालेल्या झेफानिया स्विफ्ट मूर यांनी संस्था पूर्वेकडे, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात हलवावी असा आग्रह धरला. बहुसंख्य विश्वस्तही या मताचे होते. विधिमंडळाने परवानगी नाकारली. १८२१ मध्ये मूर राजीनामा देऊन अॅमहर्स्ट येथील नव्या महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्यांच्यासोबत पंधरा विद्यार्थीही गेले. मूर जाताना ग्रंथालयातील पुस्तकेही घेऊन गेले, अशी आख्यायिका विल्यम्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला पुरावा नाही. पण अॅमहर्स्टशी असलेली चुरस तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १८५९ मध्ये याच दोन संस्थांमध्ये पिट्सफील्ड येथे झाला आणि अॅमहर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला.

मूर यांच्या जाण्याने संस्था मोडकळीस येण्याच्या बेतात होती. नवे अध्यक्ष एडवर्ड डॉर ग्रिफिन यांनी तिला सावरले. त्याच संकटाच्या वर्षी, १८२१ मध्ये, माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. महाविद्यालयीन माजी विद्यार्थ्यांची ही जगातील सर्वांत जुनी संघटना मानली जाते. संस्थेच्या पुढील वाटचालीत या संघटनेइतके महत्त्व क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून साचत गेलेल्या निधीवर आजची आर्थिक मदत उभी आहे आणि त्या मदतीवर आजचे प्रवेशधोरण.

विल्यम्सचा महाराष्ट्राशी जडलेला संबंध या आरंभीच्या काळातला आहे आणि तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात सॅम्युएल मिल्स आणि त्याचे चार सहाध्यायी कॉलेजजवळच्या शेतात प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले आणि त्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला आश्रय घेतला. परदेशांत, विशेषतः आशियात, धर्मप्रसारासाठी जाण्याचा संकल्प तेथे झाला. अमेरिकन प्रोटेस्टंट पंथीयांच्या परदेशी मिशनचा आरंभ या घटनेपासून मोजतात. पुढे १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था निघाली. तिने पाठवलेल्या पहिल्या तुकडीत विल्यम्सचा १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल होता. सॅम्युएल नॉट या सहकाऱ्याबरोबर तो १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दोघांना परत पाठवण्याची तयारी केली होती. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्यांना राहू देण्यात आले. हॉल मराठी शिकला, मुंबईच्या रस्त्यांवर आणि देवळांच्या परिसरात मराठीतून बोलू लागला आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्याने मोठा वाटा उचलला. अमेरिकन मराठी मिशन या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या मंडळीने मुंबईत शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८२४ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू केली. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना पटकीच्या साथीत हॉल सापडला. बरोबरची औषधे त्याने रोग्यांना वाटली होती. परतीच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला.

याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र काढले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. बोर्डाने पाठवलेल्या सिंथिया फरार यांच्या अहमदनगर येथील मुलींच्या शाळा पाहून आपल्यालाही तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे महात्मा जोतीराव फुले यांनी सांगितले होते. मार्क हॉपकिन्स हे विल्यम्सचे सर्वांत विख्यात अध्यक्ष १८५७ पासून तीस वर्षे या बोर्डाचेही अध्यक्ष होते. मात्र ज्या कॉलेजच्या पदवीधराने पाया घातलेल्या मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींसाठी शाळा उघडली, त्या कॉलेजात मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळायला १९७० साल उजाडले. जवळजवळ दीडशे वर्षांचे हे अंतर संस्थेच्या इतिहासात झाकून ठेवण्यासारखे नाही.

हॉपकिन्स १८३६ ते १८७२ अशी छत्तीस वर्षे अध्यक्षपदी होते. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा माणूस नीतिशास्त्र शिकवत असे. अंतिम वर्षाचे सगळे विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसत. पाठांतरावर भर असलेल्या त्या काळात ते प्रश्न विचारून मुलांना स्वतः विचार करायला लावत. त्यांचा विद्यार्थी जेम्स गारफील्ड हा ओहायोतील एका गरीब विधवेचा मुलगा. कालव्यावरील नावांवर काम केलेला हा तरुण १८५४ मध्ये विल्यम्समध्ये आला आणि १८५६ मध्ये पदवीधर झाला. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की आदर्श महाविद्यालय तयार झाले, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्कमधील माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी तो हे बोलला होता. त्याचे नेमके शब्द काय होते याबद्दल एकमत नाही. तरीही इमारती आणि उपकरणांपेक्षा शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संवादाला वरचे स्थान देणारी ही प्रतिमा विल्यम्सच्या ओळखीचा कायमचा भाग झाली. गारफील्ड १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २ जुलैला आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभासाठी निघाले असताना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

विज्ञानातही संस्थेने लवकर पाऊल टाकले. मार्क यांचे बंधू अल्बर्ट हॉपकिन्स यांनी १८३६ ते १८३८ या काळात बांधलेली वेधशाळा अमेरिकेत आज उभ्या असलेल्या वेधशाळांपैकी सर्वांत जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थिवर्गाचे रूप पालटले. रेल्वेने न्यूयॉर्क आणि बॉस्टन जवळ आणले. उद्योगधंद्यांत श्रीमंत झालेल्या कुटुंबांची मुले खासगी निवासी शाळांतून शिकून येथे येऊ लागली. मिशनरी आणि गावोगावचे पाद्री घडवणारे कॉलेज हळूहळू वकील, बँकर आणि उद्योजकांच्या मुलांचे झाले. १८३३ पासून सुरू झालेल्या फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळांनी आलिशान घरे बांधली. जेवण, निवास, मैत्री आणि प्रतिष्ठा हे सर्व काही या मंडळांच्या हाती गेले. पहिल्या वर्षाच्या मुलांमधून ही मंडळे आपले सदस्य निवडत. म्हणजे कॉलेजच्या प्रवेशानंतर एक दुसरा, अधिक कठोर प्रवेश असे आणि त्यात ज्यू आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बहुतेक दारे बंद असत. विल्यम्सचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर गेयस चार्ल्स बोलिन १८८९ मध्ये उत्तीर्ण झाला. त्यानंतरही कित्येक दशके अशा विद्यार्थ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एकसुरीपणाबद्दलची अस्वस्थता आतूनच व्यक्त झाली. इतिहासकार टायलर डेनेट १९३४ मध्ये अध्यक्ष झाले. अमेरिकन मुत्सद्दी जॉन हे यांच्या चरित्रासाठी त्यांना त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. खासगी शाळांतून आलेली एकाच साच्यातील ‘छान मुले’ विल्यम्समध्ये फार झाली आहेत आणि सार्वजनिक शाळांतून अधिक विद्यार्थी घ्यायला हवेत, असे त्यांनी १९३७ मध्ये जाहीरपणे सांगितले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि माजी विद्यार्थी संतापले. विश्वस्तांशी दुसऱ्या एका प्रश्नावर मतभेद होऊन डेनेट त्याच वर्षी पायउतार झाले. त्यांची कारकीर्द तीनच वर्षांची, पण पुढे ज्या दिशेने कॉलेज गेले ती दिशा त्यांनीच प्रथम दाखवली, असे म्हणणे योग्य ठरेल. त्यांच्यानंतर आलेले जेम्स फिनी बॅक्स्टर हेही पुलित्झर विजेते इतिहासकार होते. ते १९६१ पर्यंत अध्यक्ष राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण देणाऱ्या कायद्यामुळे या काळात वेगळ्या थरांतील तरुणही कॉलेजात आले.

खरे वळण आले ते जॉन सॉयर यांच्या काळात. १९३९ चे विल्यम्स पदवीधर आणि आर्थिक इतिहासाचे अभ्यासक असलेले सॉयर १९६१ मध्ये अध्यक्ष झाले. पदावर येताच फ्रॅटर्निटींचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. माजी विद्यार्थी जय अँजव्हाइन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६२ मध्ये अहवाल दिला : निवास आणि भोजन यांची जबाबदारी कॉलेजने स्वतःकडे घ्यावी. विश्वस्तांनी तो स्वीकारला. देणगीदारांपैकी अनेकांची तरुणपणीची मैत्री याच मंडळांत जडलेली होती, त्यामुळे हा निर्णय घेण्यासाठी मोठे धैर्य लागले. काही माजी विद्यार्थ्यांनी देणग्या थांबवण्याच्या धमक्या दिल्या. परंतु काही वर्षांत मंडळे संपली आणि त्यांच्या इमारती कॉलेजकडे आल्या. त्यांपैकी एका इमारतीत विकास अर्थशास्त्र केंद्र आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात विकसनशील देशांतील सरकारी अर्थतज्ज्ञ एका वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करतात. चॅपेलमधील सक्तीची उपस्थितीही याच सुमारास बंद झाली.

प्रवेशाचा निकषही या दशकात बदलला. प्रवेश विभागाचे प्रमुख फ्रेडरिक कोपलँड यांच्या देखरेखीखाली कॉलेजने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने एक प्रयोग केला. चाचणीच्या गुणांवर जे विद्यार्थी निवडले गेले नसते, पण ज्यांच्यात एखादी विशेष क्षमता, जिद्द किंवा नेतृत्व दिसत होते, अशांसाठी वर्गातील सुमारे दहा टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. गुणांपलीकडचा माणूस पाहण्याची ही पद्धत आज अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत सर्वत्र रूढ आहे. तेव्हा ती नवी होती आणि ती काटेकोरपणे तपासून पाहण्याची तयारी विल्यम्सने दाखवली.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली तशी अभ्यासक्रमाकडेही प्रश्नचिन्हे उभी राहिली. १९६९ च्या एप्रिलमध्ये आफ्रो-अमेरिकन विद्यार्थ्यांनी हॉपकिन्स हॉल ही प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम आणि अधिक प्रवेश या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. वाटाघाटींनंतर हे आंदोलन शांततेने मिटले आणि या विषयाचा अभ्यास कॉलेजात सुरू झाला.

सहशिक्षणाचा निर्णयही विश्वस्तांनी १९६९ मध्येच घेतला. १९७० मध्ये पदवीसाठी विद्यार्थिनी आल्या, १९७१ मध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यांना प्रवेश मिळाला. मुलांची संख्या न घटवता मुली वाढवायच्या असे ठरल्याने कॉलेज बाराशेवरून दोन हजारांच्या घरात गेले. या एका निर्णयाने प्रवेशासाठी स्पर्धा करणाऱ्यांचे क्षेत्र दुप्पट झाले आणि त्यातून निवडलेल्या वर्गाची शैक्षणिक पातळी झपाट्याने उंचावली. आज विद्यार्थ्यांत साधारण निम्म्या मुली आहेत. आजची राष्ट्रीय प्रतिष्ठा १९६० ते १९७५ या पंधरा वर्षांत पेरली गेली. क्रमवाऱ्या छापल्या जाऊ लागल्या त्या नंतर.

नावलौकिकाचा एक वेगळा आणि लक्षणीय धागा कलाइतिहासाचा आहे. लेन फेसन, व्हिटनी स्टॉडर्ड आणि विल्यम पिअरसन हे तीन प्राध्यापक विसाव्या शतकाच्या मध्यावर येथे कला आणि वास्तुकला शिकवत. अर्थशास्त्र किंवा कायद्याच्या वाटेने निघालेले कितीतरी तरुण त्यांच्या वर्गात बसले आणि चित्रांच्या जगात वळले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात चित्र आणि शिल्प विभागाचे प्रमुख झालेले कर्क व्हार्नेडो, त्याच संग्रहालयाचे दीर्घकाळ संचालक राहिलेले ग्लेन लाउरी, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचे अर्ल पॉवेल, गुगेनहाइमचे थॉमस क्रेन्स आणि लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाचे मायकेल गोवन हे सारे विल्यम्सचे. एका लहान कॉलेजातून देशातील प्रमुख संग्रहालयांना इतके संचालक मिळावेत हे विलक्षण आहे. त्यात गावाचाही वाटा होता. १९५५ मध्ये विल्यम्सटाउनलाच क्लार्क कला संस्था उघडली आणि तिच्या सहकार्याने १९७२ मध्ये कॉलेजने कलाइतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. शेजारच्या नॉर्थ अॅडम्स गावातील बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत १९९९ मध्ये उभे राहिलेले मास मोका हे समकालीन कलेचे विशाल संग्रहालय क्रेन्स यांच्या कल्पनेतून निघाले. रंगभूमी आणि चित्रपटांतही एलिया कझान आणि स्टीफन सॉन्डहाइम ही नावे विल्यम्सची आहेत.

शिकवण्याच्या पद्धतीत संस्थेने हॉपकिन्सची परंपरा नव्या रूपात जपली. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजशी करार होऊन दरवर्षी काही विद्यार्थी तेथे एक वर्ष शिकू लागले. तेथील ट्यूटोरियल पद्धत १९८८ पासून विल्यम्सटाउनमध्येही आली. यात दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक दर आठवड्याला भेटतात. एकाने निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने त्यावर टीका करायची, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. प्राध्यापक शक्यतो कमी बोलतो. आता भौतिकशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत अनेक विषयांत असे वर्ग भरतात. जानेवारी महिना १९६७ पासून वेगळा ठेवला आहे. त्या काळात विद्यार्थी एकच विषय घेतो आणि तो नेहमीच्या अभ्यासाबाहेरचा असला तरी चालते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी लहान गटांत, तिसऱ्या वर्षाच्या निवडक सहकाऱ्यांच्या सोबतीने राहतात. या कामासाठी निवड होणे मोठा मान समजला जातो. खेळांतही विद्यार्थ्यांचा सहभाग मोठा आहे. साधारण एक तृतीयांश विद्यार्थी कॉलेजच्या अधिकृत संघांत खेळतात. क्रीडा शिष्यवृत्त्या न देणाऱ्या महाविद्यालयांच्या तिसऱ्या गटातील सर्वसाधारण विजेतेपद विल्यम्सने वीसहून अधिक वेळा मिळवले आहे. प्रवेशात खेळाडूंना किती झुकते माप द्यावे यावर मात्र प्राध्यापकांनी वेळोवेळी कठोर प्रश्न विचारले आणि अशा जागांवर मर्यादा आणली गेली.

आजची प्रवेशप्रक्रिया गुणवत्ता यादीच्या पद्धतीपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. एकच प्रवेशपरीक्षा आणि तिच्या गुणांनुसार क्रम, असे येथे नाही. शाळेतील चार वर्षांचे गुण आणि घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी हा पहिला आधार असतो. त्यानंतर शिक्षकांची शिफारसपत्रे, विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, अभ्यासाबाहेरचे काम आणि घरची तसेच शाळेची परिस्थिती हे सारे एकत्र वाचले जाते. एकाच अर्जावर एकाहून अधिक वाचकांचे मत घेतले जाते आणि अनेक अर्जांचा निर्णय समितीच्या बैठकीत होतो. सॅट आणि एसीटी या चाचण्यांचे गुण देणे करोनाच्या साथीपासून ऐच्छिक केले आहे. अर्जाचे दोन मार्ग आहेत. नोव्हेंबरमध्ये केलेला अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे निवड झाल्यास विद्यार्थ्याने विल्यम्सलाच यायचे. दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी असते. वर्गाचा मोठा वाटा पहिल्या फेरीत भरत असल्याने ज्यांना वेगवेगळ्या कॉलेजांकडून मिळणाऱ्या मदतीची तुलना करावी लागते अशा कुटुंबांची अडचण होते. ही टीका निराधार नाही. अलीकडच्या वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास अर्ज येतात, त्यांतून सुमारे साडेपाचशे विद्यार्थ्यांचा वर्ग तयार होतो आणि दर शंभर अर्जदारांपैकी दहाहून कमी जणांना होकार मिळतो.

राष्ट्रीय कीर्तीला आकड्यांचे रूप आले ते यू. एस. न्यूज या तेव्हाच्या साप्ताहिकाच्या क्रमवारीमुळे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या क्रमवारीत लिबरल आर्ट्स महाविद्यालयांच्या यादीत विल्यम्स २००३ पासून जवळजवळ सलग पहिल्या स्थानावर आहे. फोर्ब्स मासिकानेही विद्यापीठांसह सर्व संस्थांच्या एकत्रित यादीत २०१०, २०११ आणि २०१४ मध्ये तिला पहिला क्रमांक दिला होता. या यशाचे मूल्य जपून ठरवावे लागते. अशा याद्यांत संस्थेकडील निधी, दर विद्यार्थ्यामागचा खर्च आणि इतर महाविद्यालयांच्या प्रमुखांचे मत यांना मोठे वजन दिले गेले आहे. साहजिकच जुन्या आणि श्रीमंत संस्थांना त्यांचा लाभ होतो. विल्यम्सचा निधी तीन अब्ज डॉलरहून अधिक आहे आणि एवढ्या लहान विद्यार्थिसंख्येसाठी तो प्रचंड आहे. नकार दिलेल्या अर्जदारांची संख्या जितकी मोठी, तितकी संस्थेची प्रतिष्ठा वाढते, हा या पद्धतीतील दोष आहे. चांगले शिक्षण किती जणांपर्यंत पोहोचले, हे त्यातून कळत नाही.

या प्रश्नाकडे विल्यम्समध्ये अभ्यासाचा विषय म्हणूनही पाहिले गेले. २००० ते २००९ या काळात अध्यक्ष असलेले मॉर्टन शापिरो स्वतः उच्च शिक्षणाच्या अर्थकारणाचे तज्ज्ञ होते आणि गॉर्डन विन्स्टन यांच्यासारखे सहकारी महाविद्यालयांच्या किमती व अनुदाने यांवर संशोधन करत होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील हुशार विद्यार्थी श्रीमंत महाविद्यालयांपर्यंत का पोहोचत नाहीत, याची उत्तरे त्यातून शोधली गेली. देशांतर्गत अर्जदारांचा निर्णय घेताना कुटुंबाची ऐपत पाहायची नाही आणि निवडलेल्या प्रत्येकाची सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवायची, हे धोरण कॉलेजने धरून ठेवले. २००८ मध्ये मदतीतील कर्जाचा भाग काढून टाकण्यात आला. त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीत निधीला मोठा फटका बसल्याने काही कुटुंबांसाठी कर्जे पुन्हा आणावी लागली. ही माघार खेदजनक होती, पण ती कायमची ठरली नाही.

मॉड मँडेल २०१८ मध्ये अध्यक्ष झाल्या. या पदावर कायमस्वरूपी नियुक्त झालेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या काळात, २०२२ मध्ये, विल्यम्सने मदतीतील कर्ज आणि सत्रकाळात करावे लागणारे सक्तीचे काम हे दोन्ही काढून टाकले आणि सर्व मदत अनुदानाच्या रूपात देण्याची घोषणा केली. असे करणारे हे अमेरिकेतील पहिले महाविद्यालय. आज निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना अशी मदत मिळते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि तसा विचार करणाऱ्या महाविद्यालयांना निवडीची पद्धत नव्याने आखावी लागली. अर्जदाराने आपल्या निबंधात स्वतःच्या अनुभवांबद्दल लिहिलेले वाचण्याची मुभा या निकालाने ठेवली आहे. विल्यम्समध्ये त्यानंतरचे वर्ग याच चौकटीत निवडले जात आहेत.